स्वस्त गॅसचा घरगुती समज

ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांत एक मत जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात सांगितले जाते. वीज महाग, गॅस स्वस्त. तेव्हा साइटवर हुक-अपच्या, म्हणजे केबलने गाडीला जोडून मिळणाऱ्या, विजेला मीटर असेल तर हीटर, गरम पाणी आणि फ्रिज सरळ गॅसवर टाकावेत. सांगणारी माणसे हिशेबी असतात, पण हिशेब घरचा असतो.

घरी तो बरोबरच आहे. 2025 च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ऑफजेम या तिथल्या ऊर्जा नियामकाच्या दरमर्यादेनुसार घरगुती वीज युनिटमागे साधारण 26 पेन्स होती, आणि पाइपने येणारा गॅस 6 पेन्सहून किंचित जास्त. म्हणजे चौपटीचा फरक. वर्षानुवर्षे अशी बिले भरणाऱ्याच्या मनात गॅस स्वस्त हे कोरलेच जाणार. मराठी माणूस तिकडे स्थायिक झाला तरी त्याची या समजातून सुटका नाही, कारण इथला अनुभवही तसाच आहे. आपले 14.2 किलोचे सिलिंडर 900 रुपयांना धरले तर उष्णतेचे एक युनिट 5 रुपयांच्या आसपास पडते. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांपुढे याच्या बराच वर जातो.

कॅरव्हॅनच्या पुढच्या पेटीत मात्र पाइप येत नाही, तिथे प्रोपेनचे लाल सिलिंडर असते. किलोभर प्रोपेन जाळल्यावर साधारण 12.8 युनिट उष्णता मिळते. 6 किलोच्या सिलिंडरात ती झाली सुमारे 77 युनिटे. हे सिलिंडर बदलून घ्यायला 36 पौंड पडले असे धरा. एका युनिटाला 47 पेन्स होतात. हीटरच्या धुराड्यातून दहा टक्के उष्णता बाहेर गेली तर प्रत्यक्ष खोलीत आलेले युनिट 52 पेन्सांचे. आता मीटर पाहा. साइटचालकाने वीज पुन्हा विकताना स्वतः मोजला त्याहून जास्त दर लावायचा नाही, असा ऑफजेमचा नियम आहे. साइटची वीज व्यापारी दराची असते, घरगुती दरमर्यादा तिला लागू नाही. म्हणून 35 पेन्स धरू. विजेचा साधा हीटर आत ओढलेले प्रत्येक युनिट खोलीतच सोडतो. 35 विरुद्ध 52. सिद्धान्त उलटा पडला.

इथे पूर्वपक्ष म्हणेल की हा सगळा सिलिंडरच्या आकाराचा खेळ आहे. अगदी मान्य, माझा मुद्दा तोच आहे. एका जागी कायम उभ्या असलेल्या स्टॅटिक कॅरव्हॅनबाहेर 47 किलोची सिलिंडरे असतात. त्यातले एक 100 पौंडांना धरले तरी युनिट 17 पेन्सांच्या आत पडते आणि विजेला सहज मागे टाकते. स्वतःच्या मालकीची, पुन्हा भरता येणारी टाकी बसवून पंपावर ऑटोगॅस घेणाऱ्याचेही तसेच. लिटरमध्ये साधारण साडेसहा युनिटे, भाव 90 पेन्स धरला तर युनिटाला 14 पेन्स. (असे पंप कमी होत चालले आहेत, ही त्या हिशेबातली खोच.) जळणारा पदार्थ तिन्ही ठिकाणी प्रोपेनच. लहान सिलिंडर घेणारा भरण्याचे, तपासणीचे, वाहतुकीचे आणि दुकानदाराच्या जागेचे पैसे मोजत असतो, आणि ते सहाच किलोंवर वाटले जातात.

फ्रिजची गोष्ट तर अधिक गमतीची. पुष्कळ कॅरव्हॅनमधला फ्रिज कॉम्प्रेसरवर चालत नाही. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी 1922 मध्ये शोधलेल्या पद्धतीने अमोनियाचे पाण्यातले द्रावण तापवून तो थंडावा करतो. त्याला उष्णता हवी. ती ज्योतीची की तारेची, याचे सोयरसुतक नाही. ज्योतीची काही उष्णता धुराड्यातून निघून जाते, तार जवळजवळ सगळी कामी लावते. दिवसाला सुमारे 300 ग्रॅम गॅस घेणारा असा फ्रिज लहान सिलिंडरवर रोज 1 पौंड 80 पेन्स खातो.

पण याच आकड्यावरून दुसऱ्या टोकाचे मत, ‘हुक-अप घ्यावेच, मग वीज फुकटच’, तेही कोसळते. पुष्कळ साइटवर मीटर नसतो. हुक-अपवाल्या पिचला, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेला, रात्रीमागे ठरावीक जादा आकार असतो. तो 5 पौंड धरा. जुलैत फ्रिज, दोन वेळचा चहा आणि थोडा स्वयंपाक मिळून गॅस तीन पौंडांच्या आत राहतो, दिव्यांना छतावरचे सोलर पॅनेल पुरते. तेव्हा हुक-अप न घेणारा शहाणा. त्याचे उत्तर बरोबर आहे, कारण चुकीचे आहे: त्याने वाचवला तो पिचचा जादा आकार. एकदा तो भरून टाकल्यावरही गॅस जाळत बसणारा मात्र दोनदा पैसे देतो.

हिवाळ्यात तर शंकाच नको. रोज 18 युनिटे उष्णता लागली तर दीड किलोहून जास्त प्रोपेन, म्हणजे नऊ पौंडांवर खर्च, आणि 6 किलोचे सिलिंडर चार दिवसही टिकत नाही. निळ्या सिलिंडरातल्या ब्यूटेनवाल्यांचे हाल वेगळेच. शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफ होणेच थांबते.

गॅसची एक बाजू मात्र कोणत्याही दरपत्रकाने खोटी ठरत नाही, ती म्हणजे जोर. ट्रूमा कंपनीच्या कॉम्बी 6 ई हीटरला गॅसवर 6 किलोवॅट मिळतात, विजेवर फार तर 1.8. गारठलेली गाडी अर्ध्या तासात उबदार करायची तर ज्योतच हवी. ऊब टिकवायला पुढे रात्रभर वीज पुरते. ब्रिटनमधल्या 16 अँपिअरच्या जोडणीवर 3.68 किलोवॅट मिळतात, तेव्हा ही वाटणी सहज जमते. युरोपात मात्र 6 अँपिअरच्याही जोडण्या भेटतात. तिथे एकूण 1380 वॅटांत हीटर चालवायचा की किटली, एवढेच ठरवायचे उरते, आणि कडाक्याच्या थंडीत लाल सिलिंडर जवळ बाळगावेच लागते, भाव काहीही असो.