वर्धा शहर : स्थानिक प्रशासनाची रचना आणि आर्थिक उत्पादकता (१८६२ ते २०११)

प्रस्तावना :

शहराची आर्थिक उत्पादकता केवळ भांडवल व श्रम यांवर ठरत नाही. रस्ते, पाणी व जमीन-वापराचे निर्णय किती संस्था घेतात, यावरही ती अवलंबून असते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१४ च्या पाच देशांच्या अभ्यासात एक बाब आढळली. समान लोकसंख्येच्या महानगरांपैकी जेथे स्थानिक संस्था दुप्पट, तेथे उत्पादकता सुमारे ६ टक्क्यांनी कमी होती. समन्वयक महानगरीय संस्था असल्यास ही घट जवळजवळ निम्मी होती. वर्धा महानगर नसल्याने ही टक्केवारी येथे लावता येत नाही. त्यामागील कारणमीमांसा मात्र वर्ध्याच्या इतिहासात तपासता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. कवठा येथील मुख्यालय १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरात आले. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि कापसाच्या व्यापाराला गती मिळाली. शहराची आखणी, जमीन व रस्ते यांचा विचार एकाच प्रशासनाने केला होता. १८७४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली.

१९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभांची योजना अमलात आली. तहसील हा घटक मानून शहर व खेडे यांना एका सभेत आणण्याचा तो प्रयत्न होता. विदर्भात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या व ही योजना संपली. ग्रामीण भागासाठी १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आणि शहरांसाठी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, अशी विभागणी दृढ झाली.

हद्दीबाहेरचे शहर :

कायद्याने आखलेली ही रेषा वस्तीने मानली नाही. सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे) व नालवाडी येथे नागरी वस्ती वाढली. २००१ मध्ये नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती; २०११ मध्ये ती १ लाख ६ हजारांवर आली. म्हणजे शहर वाढत असताना नगरपरिषद आकसत होती. वैद्यकीय शिक्षणाची मोठी केंद्रे सेवाग्राम व सावंगी येथे, म्हणजे हद्दीबाहेरच उभी राहिली. लगतचे रहिवासी शहराची बाजारपेठ व रस्ते वापरतात. घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीस देतात. परिणामी सांडपाणी, रस्ते व बांधकाम परवानगी यांचे एकत्रित नियोजन कठीण होते.

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) महानगर नियोजन समितीची तरतूद केली. परंतु ती १० लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रासाठी आहे. जिल्हा नियोजन समितीचा आवाका संपूर्ण जिल्ह्याचा असतो. वर्ध्यासारखे मध्यम शहर या दोहोंच्या मधल्या पोकळीत राहते.

निष्कर्ष :

हद्दवाढ हा एक उपाय होय. तथापि करांचा वाढता बोजा आणि ग्रामपंचायतीचे निकटचे प्रतिनिधित्व गमावण्याची भीती या ग्रामस्थांच्या रास्त शंका आहेत. त्यामुळे स्थानिक संस्था कायम ठेवून पाणी, सांडपाणी व रस्ते यांपुरती संयुक्त यंत्रणा उभारणे अधिक व्यवहार्य ठरते. जनपद योजनेमागील मूळ विचार, शहर व खेडे यांचे हित एकत्र पाहण्याचा, या दृष्टीने आजही विचारार्ह आहे.