कुंकळ्ळीचे दोन शोक



परधर्मीयांच्या श्रद्धेविषयी मन मोकळे ठेवावे, असे आपण प्रवचनात ऐकतो आणि माना डोलावतो. प्रश्न घरात आला की मात्र अडखळतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले विचारतात, शेजारच्या गणपतीच्या आरतीला उभे राहिले तर चालते का? मोठी माणसे विचारतात, सगळ्यांचे सगळेच खरे म्हटले तर आपल्या विश्वासाचे काय उरले? अशा वेळी आपल्याच घरचा इतिहास उघडून पाहिला तर पुष्कळ शिकायला मिळते. तो सगळाच गोड नाही, हे आधीच सांगतो.

१५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज येशूसंघीय गोव्याच्या बंदरात उतरले. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, दुसरे एक तरुण धर्मगुरू गोव्याहून उत्तरेकडे निघाले. त्यांचे नाव रुडॉल्फ अक्वाविवा. इटलीतल्या एका उमरावाचा हा मुलगा, वय तिशीच्या आत. बादशहा अकबराने गोव्याला निरोप पाठवून ख्रिस्ती विद्वान मागवले होते. अक्वाविवा, आंतोनिओ मोन्सेरात आणि पर्शियन भाषा जाणणारे फ्रान्सिस हेन्रीक्स असे तिघे १५८० च्या फेब्रुवारीत फतेहपूर सिक्रीला पोहोचले.

अकबराने १५७५ साली तिथे इबादतखाना बांधला होता. सुरुवातीला तिथे फक्त मुसलमान पंडितांचे वाद चालत. पुढे हिंदू, जैन, पारशी अशा सर्वांना त्याने बोलावले. आपल्या धर्मगुरूंनी त्याला अनेक भाषांत छापलेले बायबलचे मोठे खंड भेट दिले, तेव्हा त्याने ते आदराने मस्तकी लावले. आपला मुलगा मुराद याला शिकवायला त्याने मोन्सेरात यांना नेमले. धर्मगुरूंना वाटले, बादशहा आता बाप्तिस्मा घेईल. तसे झाले नाही. मोन्सेरात यांनी पुढे या मोहिमेचा वृत्तान्त लॅटिनमध्ये लिहिला. प्रत्येकाला आपापला धर्म पाळू देणारा हा राजा खरे तर सगळ्याच धर्मांचा भंग करतो, अशी तक्रार त्यात आहे.

ही तक्रार आज वाचताना आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे होते. ज्या मोकळेपणामुळे परक्या देशात, परक्या दरबारात आपल्या माणसांना प्रभूचे नाव निर्भयपणे घेता आले, त्याच मोकळेपणाला त्यांनी दोष दिला. आपल्याला बोलू द्यावे ही अपेक्षा, पण दुसऱ्यालाही बोलू दिले की अडचण! हा दोष त्या काळातच राहून गेला असे कोणी समजू नये.

१५८३ साली अक्वाविवा गोव्याला परतले आणि त्यांच्याकडे सासष्टीच्या मिशनची जबाबदारी आली. पण सासष्टी म्हणजे फतेहपूर सिक्री नव्हे. इथे राज्य पोर्तुगिजांचे होते. १५६० च्या दशकात सासष्टीतली शेकडो देवळे राज्यकर्त्यांच्या हुकमाने पाडली गेली होती. लोक आपले देव उचलून नदीपलीकडे गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर सैन्य गेले आणि तिथलीही देवळे उद्ध्वस्त झाली. त्या मोहिमेत सैन्याबरोबर येशूसंघाची माणसेही होती.

अशा गावात २५ जुलै १५८३ रोजी अक्वाविवा चार संघबंधू आणि काही ख्रिस्ती लोकांसह गेले. त्या पाचांच्या हातात शस्त्र नव्हते. क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा पाहायची, एवढाच हेतू होता. गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही जण मारले गेले आणि त्यांच्याबरोबरचे स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी या पाच जणांना धन्यवादित घोषित केले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला माहीत असते. पुढची सहसा सांगितली जात नाही. काही दिवसांनी पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. ते विश्वासाने गेले आणि तिथे त्यांना ठार मारण्यात आले. एक जण नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. आज कुंकळ्ळीत त्या गावप्रमुखांचे स्मारक उभे आहे. गावाची शांतादुर्गा फातर्प्याला आहे, आणि दरवर्षी फाल्गुनात गावाच्या बारा घराण्यांच्या बारा छत्र्या वाजतगाजत निघतात. या उत्सवात हिंदूंबरोबर गावातले ख्रिस्तीही सामील होतात. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाची आठवण पुसली गेली नाही.

म्हणजे कुंकळ्ळीत शोक दोन आहेत. एक आपल्या वेदीवर आहे, दुसरा शेजाऱ्याच्या अंगणात. आपण पहिल्यासाठी मेणबत्ती लावतो, ती लावलीच पाहिजे. अक्वाविवांची प्रभूवरची निष्ठा खरी होती. पण शेजाऱ्याचा शोकही खरा आहे, हे मान्य केल्याने आपल्या हुतात्म्यांचे तेज कमी होत नाही. गावकऱ्यांना क्रूस आणि तलवार एकाच रस्त्याने येताना दिसली होती. दोन्ही वेगळी आहेत हे त्यांना कोणी आणि कसे पटवून द्यावे?

या प्रश्नावर थॉमस स्टीफन्स यांनी उरलेले आयुष्य वेचले, असे आम्हाला वाटते. मारल्या गेलेल्या बंधूंची प्रेते ताब्यात घेण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले होते. त्यानंतर या भूमीकडे पाठ फिरवणे सोपे होते. ते सासष्टीतच राहिले आणि १६१९ साली गोव्यातच वारले. इथल्या लोकांची भाषा ते शिकले. नुसती बाजारात बोलण्यापुरती नव्हे, तर ओवी रचण्याइतकी. १६१६ साली राशोलच्या छापखान्यात त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत!

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग आम्हाला आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? स्टीफन्स यांनी हा प्रश्न उद्धटपणा मानला नाही. त्यात त्यांना एका समाजाची भूक ऐकू आली. त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि प्रभूची कथा ओवीच्या चालीवर सांगितली. ते आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावी नव्हते. मूर्तिपूजेचा निषेध त्यांच्या ग्रंथात आहे, आणि लोकांनी ख्रिस्ती व्हावे ही त्यांची इच्छा उघड आहे. पण ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेचा, छंदाचा, ऐकण्याच्या सवयीचा त्यांनी मान राखला. मान राखायला आपला विश्वास सोडावा लागत नाही, हे त्यांनी करून दाखवले. पुढे १६८४ साली गोव्याच्या सरकारने स्थानिक भाषा मोडून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढला. हुकूम कागदात राहिला, पुराण मात्र कित्येक पिढ्या चर्चमध्ये आणि घराघरांत गायले गेले.

ख्रिस्तसभेला हे अधिकृत शब्दांत मांडायला बराच काळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी त्याची शिकवण आहे. ख्रिस्त हाच मार्ग आणि सत्य, ही घोषणाही त्याच जाहीरनाम्यात आहे. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या देवाची उपासना करणे वेगळे, आणि शेजाऱ्याच्या घरी त्याच्या प्रार्थनेच्या वेळी आदराने उभे राहणे वेगळे. पहिले आपला विश्वास करू देत नाही. दुसऱ्याला तो अडवत नाही; उलट प्रीतीची आज्ञा तेच शिकवते. पेत्र कर्नेल्याच्या उंबरठ्याच्या आत गेला, तेव्हा देव पक्षपाती नाही हे त्याला कळले. बाहेर उभे राहून ते कळले नसते.

तेव्हा येत्या जुलैत कुंकळ्ळीच्या धन्यवादित हुतात्म्यांचे स्मरण करताना असोळण्यात मारल्या गेलेल्या त्या गावप्रमुखांसाठीही एक प्रार्थना म्हणू या. आणि प्रभूपाशी मागू या, की आमच्या हातातला क्रूस पाहून शेजाऱ्याला भीती न वाटो, आधार वाटो. आमेन.