ठिबक नियंत्रकातील आर्डुइनो बोर्डवर प्रोग्रॅम अपलोड होत नसल्यास काय तपासावे?

ओलावा सेन्सर, रिले आणि आर्डुइनो उनो किंवा नॅनो बोर्ड जोडून काही शेतकरी ठिबकचा नियंत्रक स्वतःच तयार करतात. पिकाची अवस्था बदलली की पाण्याच्या वेळा बदलाव्या लागतात आणि नेमका तेव्हाच प्रोग्रॅम अपलोड होत नाही. स्क्रीनवर ‘नॉट इन सिंक’ असा संदेश आला, तर संगणकाचा बोर्डशी संपर्कच झालेला नसतो. अशा वेळी बोर्डमध्ये जुनाच प्रोग्रॅम राहतो. डाळिंबाची बाग ताणावर सोडायची आहे आणि नियंत्रक मात्र जुन्या वेळेप्रमाणे पाणी देतो आहे, असे घडू शकते. दुरुस्ती होईपर्यंत व्हॉल्व्ह हाताने चालवा.

बोर्डला हात लावण्यापूर्वी मोटरच्या स्टार्टरचा पुरवठा मेन स्विचवरून बंद करा. अपलोड करताना बोर्ड रीसेट होतो. त्या क्षणी रिले ओढला जाऊन मोटर सुरू होऊ शकते. विहिरीवर कोणी काम करत असेल तर हा धोका मोठा आहे.

आता संदेश नीट वाचा. प्रोग्रॅमने किती मेमरी व्यापली हे सांगणारी ओळ दिसली असेल, तर प्रोग्रॅमच्या लिखाणात चूक नाही. दोष केबल, पोर्ट, निवडलेला बोर्ड किंवा जोडणीत शोधावा. ही ओळ दिसत नसेल तर चूक लिखाणातच आहे, केबल बदलून उपयोग नाही.

पहिला संशय केबलवर घ्या. मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांनी बोर्डवरील दिवा लागतो, पण माहिती जात नाही. दिवा लागला म्हणून केबल चांगली, असे समजू नका. नंतर टूल्स मेनूतील पोर्टची यादी पाहा. बोर्ड काढल्यावर जे नाव यादीतून जाते आणि जोडल्यावर परत येते, तेच तुमचे पोर्ट. नाव येतच नसेल आणि बोर्ड स्वस्तातला असेल, तर त्यावर बहुधा सीएच३४० ही चिप असते. तिचा ड्रायव्हर संगणकात टाकावा लागतो. पोर्ट ‘बिझी’ असल्याचा संदेश आला तर ते वापरणारा दुसरा प्रोग्रॅम बंद करा.

नॅनो वापरणाऱ्यांची अडचण बऱ्याचदा वेगळीच असते. केबल, पोर्ट सगळे बरोबर असूनही अपलोड होत नाही. टूल्समधील प्रोसेसर या पर्यायात ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. जुना बूटलोडर ५७६०० आणि नवा ११५२०० या वेगाने बोलतो, त्यामुळे चुकीचा पर्याय असल्यास दोघांचा मेळ बसत नाही. ईएसपी३२ बोर्ड असेल आणि ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके येत असतील, तर बूट बटण दाबून धरा आणि लिहिणे सुरू झाले की सोडा.

शेतातील नियंत्रकात सर्वात जास्त त्रास देते ती जोडणी. उनो आणि नॅनोमध्ये ० आणि १ क्रमांकाच्या पिनांवरूनच प्रोग्रॅम आत जातो. मोबाईलवर संदेश पाठवणारे जीएसएम मॉड्यूल या पिनांना जोडलेले असेल, तर अपलोडपुरत्या त्या वायरी काढा. कायमचा उपाय म्हणून मॉड्यूल दुसऱ्या पिनांवर न्या आणि प्रोग्रॅममध्ये तसा बदल करा. बोर्ड वारंवार रीसेट होऊ नये म्हणून कोणी रीसेट आणि ग्राउंडमध्ये कपॅसिटर लावला असेल, तर तोही अपलोडपुरता काढा.

एवढे करूनही जमले नाही तर बोर्ड पूर्ण मोकळा करा, यूएसबी सॉकेटमध्ये गंज किंवा मुंग्या आहेत का पाहा (बांधावरच्या पेटीत दोन्ही सापडतात) आणि उदाहरणांमधील ‘ब्लिंक’ प्रोग्रॅम टाका. तो गेला आणि १३ क्रमांकाच्या पिनवरचा दिवा लुकलुकला, तर बोर्ड शाबूत आहे. मग एकेक वायर जोडत दरवेळी अपलोड करून पाहा. जिथे अडेल, तिथे दोष. मोकळ्या बोर्डवरही ‘ब्लिंक’ जात नसेल, तर दुसऱ्या उनोच्या मदतीने बूटलोडर पुन्हा भरता येतो. बसकीत बसवलेली चिप असलेल्या उनोवर बूटलोडर भरलेली नवी चिपही लावता येते.