दहा वर्षांचा परीक्षक

नव्या अद्भुतरम्य कादंबरीची पारख कोणी करावी? १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ची संहिता आली. बालवाङ्मयाचे खरे परीक्षक मुलेच, असे मानणाऱ्या अन्विन यांनी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलास, रेनरला, वाचावयास दिली. एका शिलिंगाच्या मोबदल्यात त्याने अनुकूल अभिप्राय लिहिला. सप्टेंबर १९३७ मध्ये निघालेली १५०० प्रतींची पहिली आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली.

आम्ही साठी ओलांडलेली मंडळी ग्रंथालयासाठी परिचित नावेच निवडतो आणि नातवंडे मराठी कपाटाकडे फिरकत नाहीत म्हणून हळहळतो. नवख्या लेखकाचे पुस्तक प्रथम त्यांच्या हाती देऊन त्यांचे मत आम्ही कधी विचारले आहे काय?