मलावीचा हापूस आणि थंगाटा

देवगडात डिसेंबर म्हणजे मोहोराचा महिना. थंडी पडली का, तुडतुडा आला का, फवारणी कधी, एवढंच बोलणं. नेमकं तेव्हा वाशीच्या बाजारात ‘हापूस’ येतो, तो मलावीचा. कोकणातली कलमं तिकडे नेऊन लावली. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, म्हणून आंबाही आधी. 2018मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नावावरून आमच्याकडे राग आहे. राग रास्तच आहे. पण मलावी म्हटल्यावर खोका आणि भाव यापलीकडे काही आठवत नाही, हेही खरं.

हा देश 1891मध्ये ब्रिटिशांचं संरक्षित राज्य झाला. पुढे नाव पडलं न्यासालँड. पहिला प्रशासक हॅरी जॉन्स्टन. प्रमुखांना कापड, बंदुका असं काहीबाही देऊन गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनींचे दावे त्याने तपासले आणि बरेचसे कायदेशीर करून दिले. विरोध मोडायला त्याच्या हाताशी होते हिंदुस्थानातून नेलेले शीख शिपाई. आपला हात असा तिथेही पोचला होता.

पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणारी माणसं एका सहीने मळेवाल्याची कुळं झाली. भाडं पैशात नाही, अंगमेहनतीत. त्याला म्हणत ‘थंगाटा’. मूळ शब्दाचा अर्थ मदत. आपल्याकडे लावणीला आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या शेतात जातात तशी. मळेवाल्यांनी हाच शब्द वेठीला लावला. एक महिना भाड्यापोटी, एक झोपडीच्या करापोटी, आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त. तेही ऐन पावसात, स्वतःचा मका पेरायच्या दिवसांत. खोताच्या वेठीच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्यात, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

मागोमेरोचा मळा दीड लाख एकरांहून मोठा. मालक ब्रूस कुटुंब, म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या लेकीचं सासर. (न्यासा सरोवरासाठी बांधलेली आपली बोट हाच लिव्हिंगस्टन 1864मध्ये समुद्र ओलांडून मुंबईला घेऊन आला होता.) मळ्याच्या व्यवस्थापकाचं आडनावही लिव्हिंगस्टनच. कुळांनी बांधलेली प्रार्थनाघरं तो जाळून टाकायचा.

23 जानेवारी 1915च्या रात्री पाद्री जॉन चिलेम्ब्वेच्या माणसांनी त्याला ठार केलं. उठाव थोड्याच दिवसांत मोडला. 3 फेब्रुवारीला चिलेम्ब्वे गोळीला बळी पडला, आणि त्याचं विटांचं चर्च सरकारने सुरुंग लावून उडवलं. थंगाटा मात्र उरला. आपल्याकडे खोती 1949च्या कायद्याने गेली; तिकडे 1953मध्येही त्यावरून दंगे होत होते.

1964ला स्वातंत्र्य आलं. पण मळ्यांची घडी पुरती मोडली नाही. बांडांच्या राजवटीत गावकीच्या जमिनी काढून तंबाखूचे नवे मळे उभे राहिले, मालक तेवढे काळे. थ्योलो, मुलांजेच्या डोंगरउतारांवर चहाचे मळे आजही आहेत, आणि पायथ्याशी एकदोन एकरांत मका काढणारी घरं.

चिलेम्ब्वे आज तिथल्या नोटेवर आहे. दर 15 जानेवारीला त्याच्या नावाची सुट्टी असते. त्या सुमारास वाशीतला मलावीचा हापूस संपत आलेला असतो, आणि देवगडात मोहोराला कणी धरलेली असते.