चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि नाशिक महामार्गालगतची गोदामे आठवतात. पण इथल्या चौथी-पाचवीच्या मुलांना ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर लिहायला सांगा. वह्यांमध्ये घरचा बोकड असतो, खुराड्यातल्या कोंबड्या असतात, गच्चीवरची कबुतरे असतात. पडघा-अनगावकडच्या मुलांच्या वहीत म्हशीचे रेडकू असते. काही गोष्टी मात्र मुले लिहीत नाहीत, कारण गुरुजींना किंवा बाईंना त्या आवडणार नाहीत हे त्यांना ठाऊक असते. गलोलीने पाडलेला बुलबुल, शेपटीला दोरा बांधून उडवलेला चतुर, कुतूहलाने फोडून पाहिलेले सरड्याचे अंडे या वहीत येत नाहीत. ज्या कोंबडीला नाव ठेवले तीच रविवारी चुलीवर शिजली, हेही लिहिले जात नाही.

मुलाचे प्राण्यांवरचे प्रेम असे सरमिसळ असते. त्यात माया असते, हाव असते, कुतूहल असते आणि कधी क्रौर्यही असते. शिक्षकांनी या सगळ्याचे काय करावे? उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही, हे आपण सर्वच जाणतो. म्हणून भिवंडीपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाचा इतिहास पाहू. त्याचे नाव सलीम अली.

त्यांची गोष्ट आपल्या वर्गांत अनेकदा सांगितली जाते. एका मुलाने बंदुकीने चिमणी मारली, तडफडणारी चिमणी पाहून त्याचे मन द्रवले, त्याने बंदूक टाकली आणि तो मोठा पक्षितज्ज्ञ झाला. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. खरी हकिकत त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फॉल ऑफ ए स्पॅरो’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. ती शिक्षकांच्या अधिक उपयोगाची आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. या पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला एअरगन दिली आणि भाचा चिमण्या टिपू लागला.

१९०६-०७ सालची, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या वयातली त्यांची एक नोंद आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेरच्या खिळ्यावर बसून पहारा करी. मुलाने उभ्या घोडागाडीआड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात त्या खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा आला. सात दिवसांत त्या एकाच जागेवर आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला.

ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण शिक्षक म्हणून आपण आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. या मुलाने मोजले आहे. जागा तीच, मादी तीच, नर मात्र दर वेळी नवा, हे त्याने ध्यानात ठेवले आणि लिहून काढले. आज पक्षिशास्त्र सांगते की पक्ष्यांच्या अनेक जातींत घरट्याच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त असतात. जागा आणि जोडीदार नसलेले काही नर आसपास वावरत असतात आणि एखादी जागा रिकामी झाली की ती पटकावतात. पुढे शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग करून जे तपासले, त्याची चुणूक या मुलाला नकळत दिसली होती. क्रौर्य आणि निरीक्षण एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत. यातल्या कशाला खतपाणी मिळते, यावर पुढचे सारे अवलंबून होते.

ते खतपाणी १९०८च्या सुमारास मिळाले. एअरगनने पाडलेली एक चिमणी या मुलाला वेगळी वाटली. दिसायला चिमणीच्या मादीसारखी, पण गळ्यावर पिवळा डाग. चिमण्या टिपून खाणे घरात नवे नव्हते. मात्र ही चिमणी खाणे धर्माला मान्य आहे की नाही, अशी शंका त्याला आली आणि त्याने ती मामांपुढे नेली. ‘हिला खाता येईल का?’ या प्रश्नातूनच ‘ही कोण?’ हा प्रश्न जन्मला.

मामांना पक्षी ओळखता आला नाही. पण माहीत नसलेल्या गोष्टीचे उत्तर त्यांनी ठोकून दिले नाही, की ‘नसत्या चौकशा हव्यात कशाला’ म्हणून मुलाला गप्पही केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि पक्षी घेऊन मुलाला तिकडे पाठवले.

या संस्थेची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पुढे फोर्टमधील अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन कंपनी या मद्यविक्रेत्यांच्या पेढीत संस्थेला जागा मिळाली. मिलार्ड या पेढीत भागीदार होते. १९०८ सालातील एका शाळकरी भारतीय मुलाला एका इंग्रज साहेबाच्या दारात उभे राहताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. त्याच्या खिशातल्या कागदात एक मेलेली चिमणी होती, एवढेच त्याचे भांडवल.

मिलार्डनी काय केले ते नीट पाहू. त्यांनी पक्षी ओळखला. ती पीतकंठी चिमणी, म्हणजेच रानचिमणी होती. विरळ झाडीत राहणारी आणि झाडाच्या ढोलीत घरटे करणारी ही चिमणी आपल्या घरचिमणीहून निराळी जात आहे. मग त्यांनी कपाटांचे खण उघडले आणि पेंढा भरून जतन केलेले पक्षी एकेक करून दाखवले. शेवटी मुंबईच्या पक्ष्यांवरील ‘एहा’ यांचे पुस्तक वाचायला दिले. पक्ष्यांची कातडी सोलून जतन करायला आणि नोंदी ठेवायला त्याला तिथेच शिकता येईल, अशी सोयही केली. त्यांनी मुलाला रागावलेही नाही आणि डोक्यावरही घेतले नाही. त्याच्या हातातल्या वस्तूला नाव दिले आणि तिच्या शेजारी तिचे शेकडो भाऊबंद मांडून ठेवले. आपली चिमणी त्या साऱ्यांपैकी एक आहे, हे कळण्यासाठी मुलाला तेवढेच पुरेसे होते.

सलीम अलींनी त्यानंतर बंदूक टाकली नाही. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे नमुने गोळा करणे आणि नमुना म्हणजे मारलेला पक्षी. निष्कारण हत्येला त्यांचा विरोध होता, पण अभ्यासासाठी नमुने लागतात हे त्यांनी कधी लपवले नाही. बदलले ते पाहण्याचे ध्येय. हा बदल १९३० साली रायगड जिल्ह्यातील किहीम येथे स्पष्ट दिसतो. शिक्षण अर्धवट, ब्रह्मदेशातला व्यवसाय संपलेला, जर्मनीत प्रा. श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून परतले तर संग्रहालयातील नोकरीची जागाच रद्द झालेली. अशा बेकारीच्या दिवसांत ते किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे महिनोन्‌महिने निरीक्षण करत राहिले.

तबेल्यातला प्रश्नच पुन्हा समोर होता. घरट्यापाशी नर आणि मादी यांच्यात काय व्यवहार चालतो? या वेळी उत्तर बंदुकीने नव्हे, बसून मिळाले. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पाहते आणि पसंत पडले तरच ताबा घेते. मग नर ते पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक आले आणि १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंड. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

आज आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांचे पहिले पाऊल गिरवू नये, हे स्पष्टच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी मारणे, पकडणे, पाळणे गुन्हा ठरवले आहे. पिंजऱ्यातला पोपटही त्यात आला. त्याची गरजही उरलेली नाही. दुर्बीण, कॅमेरा आणि पायात कडे घालून पक्षी सोडून देण्याची पद्धत यांनी बंदुकीचे बरेचसे काम हाती घेतले आहे. वर्गाला तर तेही लागत नाही.

वर्गाला लागते ती नोंदवही. बोकडाला दिलेल्या पाल्यातला कोणता त्याने आधी खाल्ला आणि कोणता टाकला? म्हैस रवंथ करताना एक घास किती वेळा चावते? शेडच्या पत्र्याखालच्या घरट्यात चिमणा-चिमणी तासाभरात किती फेऱ्या करतात? शेळ्या चरायला नेणाऱ्या मुलीला यातली कितीतरी उत्तरे आधीच ठाऊक असतात. तिला फक्त ती लिहून काढायला सांगितलेले नसते.

आणि एखादा मुलगा खिशातून मेलेला पक्षी काढून आपल्या टेबलावर ठेवील तेव्हा? त्याने तो मारला असेल तर तसे करू नये, हे त्याला जरूर सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. ‘हा कोण आहे, तुला कुठे दिसला, त्याच्याबरोबर आणखी किती होते?’ असे विचारावे. नाव आपल्याला येत नसेल तर मामांप्रमाणे चिठ्ठी लिहावी आणि ज्याला येते त्याच्याकडे मुलाला पाठवावे. मिलार्ड होणे प्रत्येकाला जमेल असे नाही. मामा होणे मात्र आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.