सत्तासंघर्षकथा, मराठी

सत्ता मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी विधिनिषेध न बाळगता केलेल्या डावपेचांवर आधारलेला उत्कंठाप्रधान कथाप्रकार. विशाखदत्ताचे *मुद्राराक्षस* व शेक्सपिअरचे *मॅक्‌बेथ* ही त्याची जुनी उदाहरणे होत. विसाव्या शतकातील रॉबर्ट पेन वॉरन यांची *ऑल द किंग्ज मेन* (१९४६) व मायकेल डॉब्ज यांची *हाउस ऑफ कार्ड्‌स* (१९८९) या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. मराठीत हा प्रकार १ मे १९६० नंतरच्या राजकीय रचनेतून वाढला. सहकारी साखर कारखाने, १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा आणि मुंबईतील मंत्रिमंडळ यांना जोडणारी सत्तेची साखळी या काळात पक्की झाली. पुढारी, ठेकेदार, कामगारनेता व वार्ताहर ही या कथांतील पात्रे त्याच साखळीतून आली आहेत.

विजय तेंडुलकरांच्या *घाशीराम कोतवाल* (१९७२) या नाटकाने पेशवाईचा आधार घेऊन सत्ताधारी आपले हस्तक कसे घडवितो व काम झाल्यावर कसे टाकून देतो, हे दाखविले. तेंडुलकरांनीच पटकथा लिहिलेला व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला *सामना* हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविण्यात आला. साखरसम्राट हिंदुराव (निळू फुले) आणि गावात येऊन पडलेला एक वाट चुकलेला मास्तर (श्रीराम लागू) यांच्यातील हा झगडा आहे. मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालेला आहे आणि मास्तर त्याच्याविषयी विचारणे सोडीत नाही. हिंदुराव केवळ खलपुरुष नाही. त्याने गावात खरोखरच भरभराट आणली आहे व म्हणूनच गाव गप्प आहे. या चित्रपटाचे बळ या गप्प बसण्याच्या चित्रणात आहे.

या प्रकाराला पूर्ण रूप दिले ते अरुण साधू (१९४१–२०१७) यांनी. *मुंबई दिनांक* (१९७३) व *सिंहासन* (१९७७) या त्यांच्या कादंबऱ्यांत पत्रकार म्हणून जवळून पाहिलेले राजकारण आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांना पदच्युत करू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या चढाओढीत आमदारांची जुळवाजुळव, संप व तस्करी हे सारे एकमेकांत गुंतत जाते. तत्त्वाचा प्रश्न कोणीच काढीत नाही. दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेल्या *सिंहासन* (१९७९) या पटेलदिग्दर्शित चित्रपटात अरुण सरनाईक मुख्यमंत्र्यांच्या, तर लागू दाभाड्यांच्या भूमिकेत होते. हिंदुरावाची भूमिका करणारे फुले येथे दिगू टिपणीस हा वार्ताहर झाले, ही पात्रयोजना लक्षणीय म्हणावी लागेल. सर्व काही जाणणाऱ्या या वार्ताहराचे मन अखेरीस ढळते. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभराने, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ कोसळून शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्यामुळे वाचक पात्रांमागील खरी माणसे शोधू लागले. हा शोध मनोरंजक असला, तरी त्यापायी कादंबरीतील व्यवस्थेच्या चिकित्सेकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येईल.

रंगनाथ पठारे यांच्या *ताम्रपट* (१९९४) या कादंबरीने ग्रामीण सत्ताकारणाचा मोठा पट उभा केला. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. चित्रपटांपैकी *सरकारनामा* (१९९८) व सरपंचपदाच्या निवडणुकीवरील *धुरळा* (२०२०) उल्लेखनीय आहेत.

या कथांचा भूगोल प्रामुख्याने मुंबई व ऊसपट्टा असा आहे. डोंगराळ आदिवासी तालुके त्यात क्वचितच येतात. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हे गुजरातच्या सीमेलगतचे, पूर्वी देशमुखांचे छोटे संस्थान. ते १९४८ मध्ये विलीन झाले. साखर कारखान्याभोवती फिरणारे राजकारण येथे नव्हते. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या सुरगाणा मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित १९७८ पासून अनेकदा निवडून आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांत या तालुक्यातील आदिवासी मोठ्या संख्येने होते. कसत असलेल्या वनजमिनी नावावर व्हाव्यात, ही त्यांची मुख्य मागणी होती. १२ मार्च रोजी शासनाने लेखी आश्वासन दिल्यावर ते परतले. मार्च २०२३ मध्ये हीच मागणी घेऊन दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला.